साठ लिटरचा हिरा

भोरच्या दूध संघात कॉम्प्युटरचं काम बघणारा माणूस मी एकटाच. एकटाच असल्यामुळं त्यातला सगळ्यात हुशारही मीच. हे मी गर्वानं सांगत नाही, तिथं स्पर्धाच नव्हती. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला तरी लोक माझ्याकडं देव भेटल्यासारखे बघायचे. असं वर्षानुवर्षं कुणी बघत राहिलं की माणसाला आपल्यात खरंच काहीतरी आहे असं वाटायला लागतं. मला यंदाच्या फाल्गुनात तसं वाटलं.

त्याचं असं झालं. दरवर्षी आमचा भोरचा संघ आणि वेल्ह्याचा संघ मिळून कामथडीला जनावरांचं प्रदर्शन भरवतात. सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या गाईला त्यात बक्षीस असतं. गेल्या वर्षी ते आमचे चेअरमन आनंदराव यांच्या पुतण्याच्या गाईला मिळालं. गाय चांगली होती, त्यात वाद नाही. पण ती पुतण्याची होती. वेल्ह्याची मंडळी जिलेबीला हात न लावता उठून गेली. आमच्या भागात जिलेबीला हात न लावणं म्हणजे जवळजवळ युद्धच.

म्हणून यंदा आनंदरावांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"उपेंद्र, ह्या साली निकाल माणसानं लावायचाच न्हाई. कॉम्प्युटरनं लावायचा. कॉम्प्युटरला पुतण्या नसतो."

"साहेब, करून टाकू," मी म्हटलं. "भर मांडवात, सगळ्यांसमोर एक बटण दाबायचं आणि दोन्ही तालुक्यांतली एक नंबरची गाय टीव्हीवर दाखवायची."

"पण वेल्ह्याची माहिती आपल्याकडं कुठाय?"

"आणायचीच नाही."

आनंदराव खुर्चीत जरा पुढं सरकले. मला समजावून सांगायला आवडतं, त्यामुळं मीही सरकलो.

"साहेब, आपल्या गाईंची माहिती आपल्या डेटाबेसमध्ये आहे. वेल्ह्याची त्यांच्या डेटाबेसमध्ये आहे. ती मागवली, उतरवून घेतली, की कुणीतरी म्हणणार भोरकरांनी मध्ये आकडे बदलले. त्यापेक्षा आपण आपल्या डेटाबेसमध्ये बसूनच त्यांच्या डेटाबेसला प्रश्न विचारायचा. आपल्या ओट्यापाशी उभं राहून खिडकीतून शेजारच्या चुलीवर काय शिजतंय ते बघावं, तसं. भांडं त्यांचं, चूल त्यांची, आपण फक्त बघणार. याला परकं टेबल म्हणतात. दिसतं आपल्या घरात, असतं दुसऱ्याच्या."

"आणि शेजारणीनं खिडकी लावून घेतली तर?"

ही शंका रास्त होती, कारण शेजारीण म्हणजे मालिनीताई.

वेल्ह्याच्या संघाचा सगळा कारभार मालिनीताई बघतात. तो डेटाबेस त्यांनी स्वतः बांधलाय आणि देवघर जपावं तसा जपलाय. त्यांना फोन केला तेव्हा माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बघायला देईन. हात लावायला देणार नाही."

"हात लावायची मला गरजच नाही, ताई."

"सगळे असंच म्हणतात. तुम्हाला फक्त वाचायची परवानगी. आणि काही अडलं तर आधी विचारा."

मी हो म्हटलं. आधी विचारण्यासारखं मला काही अडलंच नाही, तिथं माझा दोष नाही. त्यांच्या टेबलात भरपूर रकाने होते. मी त्यातले तीन उचलले: जनावराचं नाव, मालकाचं नाव आणि ‘रोजचे लिटर’. बाकीच्या रकान्यांत डोकावायचं कारणच काय? दूध संघाच्या टेबलात लिटर म्हटल्यावर दूधच असणार, रॉकेल थोडंच असणार? मी तो रकाना आमच्या ‘दूध’ या रकान्याला जोडला आणि चाचणीसाठी मधल्याच चार ओळी काढून बघितल्या. वेल्ह्याचे आकडे आमच्यापेक्षा चांगले घसघशीत दिसत होते. चाळीस, पंचेचाळीस. मनात म्हटलं, डोंगरातलं गवत. सगळ्यात वरचा आकडा मात्र मी मुद्दाम बघितला नाही. निकाल आधी बघणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

एवढ्यात ऑफिसात एक उंचापुरा, पांढऱ्या मिशांचा गडी येऊन उभा राहिला. हनुमंतराव, वेल्ह्याच्या पुढच्या वाडीवरचे. पूर्वी प्रदर्शनात वळूलाही बक्षीस असायचं. आमच्या कॉम्प्युटरच्या नव्या योजनेत ते काढून टाकलं होतं, त्याचा जाब विचारायला ते आले होते.

"हनुमंता," आनंदराव म्हणाले, "कॉम्प्युटरला दूध मोजता येतं. वळवाचं काय मोजायचं?"

"ते म्या हितं चारचौघांत सांगायचं व्हय?"

ऑफिसातल्या दोघी टायपिस्ट खाली बघून काम करायला लागल्या.

"नियम म्हंजी नियम," आनंदराव म्हणाले.

"मग माजाबी नियम ऐका. बक्षीस द्या न्हाईतर नका देऊ, म्या वळू आणणार. एका अंगाला बांधून बसंन. तुमी मान दिला न्हाई तरी लोक बघत्याल."

एवढं बोलून ते एसटी गाठायला निघून गेले. मी पुन्हा कामाला लागलो. वळू ही काही माझ्या विभागातली बाब नव्हती.

प्रदर्शनाच्या दिवशी कामथडीचं मैदान गच्च भरलं होतं. झुली, गोंडे, रंगवलेली शिंगं. मांडवात स्टेज, स्टेजवर भाड्यानं आणलेला हा एवढा मोठा टीव्ही, आणि टीव्हीच्या शेजारी झेंडूचा हार घातलेलं बक्षीस: नवी कोरी कडबाकुट्टी. विजेवर चालणारं, वैरणीची पेंडी घातली की क्षणात बारीक तुकडे करून देणारं यंत्र. टीव्हीपेक्षा लोक त्याच्याकडंच जास्त बघत होते.

त्यातच आंबवड्याच्या रतनबाई होत्या. त्यांची चांदणी म्हणजे आमच्या संघातली नामांकित गाय. दिवसाला चोवीस लिटर, आणि तेही बिनपाण्याचं. घरात मदतीला कुणी नाही, दोन वेळची वैरण कोयत्यानं तोडून तोडून त्यांचा उजवा खांदा धरलेला. हे त्यांनी मला सांगितलं नाही. यंत्रावरून हात फिरवताना त्या डावाच हात पुढं करत होत्या, त्यावरून कळलं.

"हे एकटीला चालवता येतं का वो?" त्यांनी विचारलं.

"येतं की, मावशी."

"असंच इचारलं," त्या म्हणाल्या आणि चांदणीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. पण नजर इकडंच होती.

आनंदरावांनी माईक हातात घेतला. "ह्या वर्षी निकाल कॉम्प्युटर लावणार हाय. वशिला न्हाई, ओळख न्हाई. कॉम्प्युटर म्हणंल ते अंतिम. भोरकरांनाबी मान्य, वेल्हेकरांनाबी मान्य. व्हय का न्हाई?"

"व्हय," मैदान म्हणालं.

मी बटण दाबलं. आमच्या डेटाबेसनं खिडकीतून वेल्ह्याला हाक मारली. टीव्हीवरचं चक्र जरा वेळ फिरलं, मग ओळ उमटली. जनावर: हिरा. मालक: हनुमंत. तालुका: वेल्हे. दूध: साठ लिटर.

वेल्हेकरांनी टोप्या उडवल्या. आनंदराव जरा गडबडले, पण बोलणारा माणूस आहे, सावरून घेतलं. "साठ लिटर! अशी गाय आपल्या भागात हाय ह्याचा अभिमान वाटला पायजे. हनुमंतरावांनी आपल्या हिराला घेऊन स्टेजपाशी यावं."

वेल्ह्यात हनुमंत नावाची माणसं ढिगानं आहेत. त्यामुळं माझ्या मनात काही आलं नाही. आनंदराव हळदकुंकवाचं ताट घेऊन स्टेजच्या पायऱ्या उतरले. गाईला कुंकू लावताना फोटो घ्यायचा असं ठरलं होतं आणि फोटोवाला मोबाईल सरसावून तयार होता. गर्दी दुभंगली आणि मधून पांढऱ्या मिशांचे हनुमंतराव आले. त्यांच्यामागं, पाठीवर भरजरी झूल घातलेला, हत्तीच्या पिलाएवढा वळू.

आनंदराव ताट घेऊन होते तिथंच उभे राहिले. त्यांनी वळूकडं बघितलं, खाली बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"उपेंद्र, ही गाय हाय का?"

"नाही, साहेब."

"मग काय हाय?"

"मी बघतो."

"सगळं गावच बघतंय. तू काय येगळं बघणार?"

फोटोवाल्यानं तेवढ्यात फोटो काढला. तो फोटो पुढं पुष्कळ फिरला.

मैदान हसायला लागलं होतं. हनुमंतराव मात्र हसत नव्हते. ते झूल नीट करत टीव्हीकडं बघत स्वतःशीच म्हणाले, "साठ लिटर दूध? साठ लिटर तर ह्यो पानी पितो."

हे वाक्य स्पीकरच्या गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी टीव्हीच्या मागं जाऊन मालिनीताईंना फोन लावला.

"ताई, रोजचे लिटर म्हणजे कशाचे लिटर?"

"पाण्याचे," मालिनीताई म्हणाल्या. "वरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. कुठल्या जनावराला किती पाणी लागतं त्याची नोंद ठेवतो आम्ही. का?"

"आणि दुधाचे?"

"तो रकाना ‘संकलन’. दूध संघात दुधाला संकलनच म्हणतात. तुम्ही काय..."

रेंज गेली. वेल्ह्याची रेंज म्हणजे भित्र्या पाव्हण्यासारखी, बसते न बसते तोच निघते. पण मला पाहिजे ते कळलं होतं. मी मनाशी ठरवलं, घाबरायचं नाही. चूक माझी, दुरुस्त मीच करणार. आमच्या बाजूचं परकं टेबल उघडलं, आमचा ‘दूध’ रकाना ‘रोजचे लिटर’वरून सोडवला आणि ‘संकलन’ला जोडला. सोपं काम. आनंदरावांना अंगठा वर करून खूण केली.

आनंदराव माईकवर म्हणाले, "जरा तांत्रिक पडताळणी चालू हुती. आता कॉम्प्युटर फिरून एकदा सांगंल."

आता वेल्ह्यात काय चाललं होतं ते मला नंतर समजलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. फोन तुटल्यावर मालिनीताईंच्या लक्षात आलं की भोरच्या या माणसानं भलताच रकाना उचललाय आणि तिकडं भर मांडवात निकाल चालू आहे. याला दुरुस्ती जमेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्याही हट्टाला पेटल्या. त्यांनी त्यांच्या बाजूनं तेवढ्यापुरती रकान्यांच्या नावांची अदलाबदल करून टाकली. पाण्याला नाव दिलं ‘संकलन’ आणि दुधाला नाव दिलं ‘रोजचे लिटर’. म्हणजे मी आपला वेड्यासारखा ‘रोजचे लिटर’ वाचत राहिलो तरी दूधच वाचणार.

त्यांनी त्यांच्या टोकाला दुरुस्त केलं, मी माझ्या टोकाला. दोघांचंही बरोबर होतं. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकमेकांना वाट द्यायला एकाच बाजूला सरकावीत, तसं ते झालं.

मी बटण दाबलं. जनावर: हिरा. मालक: हनुमंत. दूध: साठ लिटर.

आता मैदान हसलं नाही. वेल्हेकरांच्या बाजूनं एकजण उठून म्हणाला, "चेअरमन, दोनदा इचारलं, दोनदा तेच उत्तर आलं. कॉम्प्युटर म्हणंल ते अंतिम, असं तुमीच म्हणला हुता."

"अरं पर त्यो वळू हाय," भोरच्या बाजूनं आवाज आला.

"मग वळवाला न्हाई म्हणा, आणि द्या तुमच्याच गाईला. गेल्या साली दिलं तसं."

सगळी वेल्ह्याची बाजू उभी राहिली. जिलेबीच्या कढईपाशी आचारी हात आखडून उभा होता. मी आनंदरावांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "साहेब, चूक सापडलीय. खरा नंबर रतनबाईंच्या चांदणीचा असणार. अजून थोडा वेळ..."

"गप," आनंदराव हसऱ्या चेहऱ्यानं, ओठ न हलवता म्हणाले. "आता आपण भोरची गाय काढली, तर आग लागंल हितं."

आणि मग त्यांनी माईक तोंडाशी धरून जे केलं त्याला मी आजही मानतो. "मंडळी, हनुमंतराव माझ्याकडं आले हुते. म्हणाले, वळवाचा मान काढू नका. कॉम्प्युटरलाबी त्यांचं म्हणणं पटलेलं दिसतंय. म्हणून ह्या वर्षाचं बक्षीस आमी मानानं हिराला देत आहोत."

टाळ्यांनी मांडव हादरला. हनुमंतरावांनी फेटा सारखा केला. हिरानं कडबाकुट्टीवरचा झेंडूचा हार खाल्ला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मला बघवत नव्हतं, कारण त्याच वेळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला रतनबाई चांदणीचं दावं सोडत होत्या. त्या भांडल्या नाहीत. जिलेबीही घेतली नाही. गाईला टेम्पोत चढवलं आणि आपण पुढं बसून गेल्या.

उन्हं कलली. लोक गेले, खुर्च्या घडी होऊन रचल्या गेल्या. मी वायरी गुंडाळायच्या आधी उगाच एकदा बटण दाबून बघितलं. जनावर: चांदणी. मालक: रतनबाई. तालुका: भोर. दूध: चोवीस लिटर. मालिनीताईंनी संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली म्हणून रकान्यांची नावं पुन्हा होती तशी केली होती. आता माझी जोडणी बरोबर होती, त्यांचे रकाने बरोबर होते, टीव्हीवरचं उत्तर बरोबर होतं. समोर फक्त मांडववाला होता आणि तो बांबू सोडत होता.

आनंदरावांनी ते मागून बघितलं. "बंद कर ते," म्हणाले.

मी बंद केलं. पण मनात काही बंद होईना. घरी जाताना ठरवलं, ती कडबाकुट्टी रतनबाईंच्या गोठ्यात गेलीच पाहिजे. कशी, ते माहीत नव्हतं. भोरच्या माणसानं मागितली तर भांडण होणार, म्हणजे ती वेल्ह्याच्याच माणसानं द्यायला पाहिजे. सकाळी मोटारसायकल काढली आणि कापूरहोळ, नसरापूर करत वेल्ह्याला मालिनीताईंच्या समोर जाऊन बसलो.

कुणी काय बदललं ते आम्ही दोघांनी एकमेकांना सांगितलं.

"मी म्हटलं होतं, आधी विचारा," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही बदलायच्या आधी मला विचारलंत?"

"तुम्हाला जमेल असं वाटलं नाही."

"मला जमलं होतं, ताई. तुमच्यामुळं बिघडलं."

"आणि माझं तुमच्यामुळं," असं म्हणून त्यांनी पर्स उचलली. "चला हनुमंतरावांकडं. बोलायचं तुम्ही. मी फक्त शेजारी उभी राहणार."

वाडीवर पोचलो तेव्हा हनुमंतरावांच्या अंगणात कडबाकुट्टी पाटावर ठेवली होती. हळदकुंकू वाहिलेलं, पुढं नारळ. अजून एक काडीही तिच्यात घातली नव्हती. हिरा गोठ्यात रवंथ करत होता.

"या साहेब, या मालिनीताई," हनुमंतराव म्हणाले. "आज सकाळपासनं सारी वाडी येऊन बघून गेली. इतकी वर्सं झाली, ह्या जनावराचा असा मान कुणी केला न्हवता."

मला वाटलं, परत जावं. पण मालिनीताई माझ्या आणि मोटारसायकलच्या मध्ये उभ्या होत्या. मी सगळं सांगितलं. पाण्याचा रकाना, दुधाचा रकाना, माझी दुरुस्ती, ताईंची दुरुस्ती, रिकाम्या मांडवातला निकाल. झालं तेव्हा हनुमंतरावांनी एकच विचारलं.

"म्हंजी मान दिलाच न्हाई. चूक झाली."

मी मान खाली घातली. ते उठून गोठ्यात गेले, हिराच्या पाठीवर थाप मारली, त्याच्या कानात काहीतरी पुटपुटले. परत आले तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"चुकून आलेला मान आमाला नगं. घिऊन जावा मशीन. कुणाची हाय ती?"

"आंबवड्याच्या रतनबाईंची. त्यांची चांदणी..."

"रतनअक्का?" हनुमंतराव ताडकन म्हणाले. "अवो, ती आमच्याच वाडीची लेक. चांदणीची माय तिच्या भावानं हितनंच दिली तिला, गाभण असताना. ह्या हिरापासनं गाभण. चांदणी हिराची पोर हाय साहेब."

मी मालिनीताईंकडं बघितलं. त्या हिराकडं बघत होत्या.

"हे आदी का न्हाई बोलला? मशीन तुमी न्यायची न्हाई. म्याच घिऊन जानार. बाप लेकीकडं जातो तवा मोकळ्या हातानं जातो व्हय?"

त्यांनी लगेच टेम्पो सांगितला. मालिनीताई ड्रायव्हरशेजारी, हनुमंतराव त्यांच्या पलीकडं, आणि मी मागं कडबाकुट्टीला मिठी मारून. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला ओळख देऊन गेला. आंबवड्यात उतरलो तेव्हा धुळीनं माझा रंग असा झाला होता की रतनबाईंनी मला हमाल समजून "तिकडं ठेवा" म्हणून सांगितलं.

मग त्यांना सगळं कळलं आणि त्या मागं सरल्या. "मला कुणाचं उपकाराचं नगं. ज्याला मिळालं त्यानं ठेवावं."

"अक्का, उपकार कशाचा आलाय?" हनुमंतराव म्हणाले. "तुला कोन देतंय? ही चांदणीला हाय. तिच्या बापानं धाडलीय, माहेरची भेट म्हणून. तू मदी पडनारी कोन?"

रतनबाईंनी चांदणीकडं बघितलं. मग पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, ते नीट कळलं नाही, दोन्ही असावं. थोड्या वेळानं आत गेल्या आणि टॉवेल, टोपी, नारळ घेऊन आल्या. हनुमंतरावांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टोपी घातली.

"माहेरचं मानूस आलंय," त्या म्हणाल्या. "असंच कसं जाऊ देईन? आणि हा दुसरा टावेल हिराच्या शिंगाला बांध. माझं नाव सांग त्याला."

हनुमंतरावांनी टॉवेल दोन्ही हातांनी घेतला. काल मांडवात एवढ्या टाळ्या वाजल्या तेव्हा बसले नसतील असे ते आज त्या पाटावर ताठ बसले होते. मालिनीताईंनी तोंड फिरवून गोठ्याचं छप्पर बघितलं.

मी आनंदरावांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "वेल्हेकरांनी आपन होऊन दिली? मग आपला काय संबंध न्हाई. लई चांगलं झालं."

आता सगळं मार्गी लागलं होतं. कडबाकुट्टी गोठ्याच्या दाराशी मांडली होती, वैरणीची पेंडी तयार होती, फक्त वीज द्यायची राहिली होती. मला एकदम हुरूप आला. एवढ्या गोंधळातून आपण शेवटी हे घडवून आणलं, तर शेवटचा हातही आपलाच लागावा. बाही सरसावली, यंत्राची वायर उचलली आणि गोठ्यातल्या बोर्डाकडं निघालो.

"काय करताय?" रतनबाईंनी विचारलं.

"काही नाही मावशी, जोडून देतो."

हनुमंतराव पाटावरून उठले. मालिनीताई छपरावरची नजर काढून वळल्या. चांदणीनंही मान वर केली, असं मला वाटलं.

"ठेवा ती वायर," रतनबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी काय जोडू नका. वायरमनला निरोप धाडलाय. तुमी बसा हितं, च्या घ्या."

मी बसलो. चहा मात्र फार चांगला होता, घट्ट दुधाचा.